तारखेचा जाफर

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात जाफरभाईंचं दुकान आहे. पाटीवर ‘कलादालन व फ्रेमिंग’ असं लिहिलेलं आहे. कलादालन म्हणजे पुढची दहा बाय चौदाची खोली. तिथे जिल्ह्यातल्या आणि साताऱ्याकडच्या चित्रकारांची वीस-बावीस चित्रं कायम टांगलेली असतात. वर्षाला चार-पाच विकली जातात. मागच्या खोलीत करवत, काच कापायचं टेबल, पट्ट्यांचा मांड आणि चुकांचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, डबे. पोट चालतं ते मागच्या खोलीवर.

जाफरभाईंचं वय अठ्ठावन्न. दुकान वडिलांचं. बाजारात त्यांना ‘तारखेचा जाफर’ म्हणतात, कारण फ्रेमवाले सहसा उद्या या म्हणतात आणि हे चिठ्ठीवर तारीख लिहून देतात. ती तारीख त्यांनी तेहेतीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. महापुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं तेव्हाही एका लग्नाची फ्रेम त्यांनी मिरजेच्या मेहुण्याच्या घरी बसून ठरल्या दिवशी पुरी केली होती.

माणसाचा फोटो आला की ते गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात. ‘माणूस हाय का गेलंय?’

प्रश्न ऐकायला बरा वाटत नाही, पण कामाचा आहे. गेलेल्या माणसाच्या फ्रेमला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पितळी आकडे बसवावे लागतात, हार अडकवण्यासाठी. असलेल्या माणसाच्या फ्रेमला आकडे बसवायचे नाहीत, हा वडिलांनी घालून दिलेला दंडक.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या तीन तारखेला सकाळी अकराच्या सुमारास माधवनगरच्या जैन घरातल्या प्रभावती अक्का दुकानाची पायरी चढून आल्या. वय सत्त्याहत्तर, अंगाने काटक, काठी नाही. त्यांचे पती पायगोंडा पाटील अकरा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा त्यांची फ्रेम जाफरभाईंनीच केली होती. अक्कांनी पिशवीतून एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला. स्टुडिओत काढलेला, नवा. अंगावर इरकल, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर किंचित हसू.

जाफरभाईंनी चष्मा लावला आणि सवयीने विचारलं, ‘माणूस हाय का...’ मग वर पाहिलं. फोटोतली बाई समोर उभी होती.

‘थांबला का?’ अक्का म्हणाल्या. ‘इचारा की. हाय अजून, दिसतंय न्हवं?’

‘मग बिनआकड्याची करतो.’

‘आकडे पाहिजेत. यांच्या फ्रेमला हायत तसेच. पट्टी बी तीच, काळी, आत सोनेरी मणी. मापाला दोरा आणलाय बघा. यांच्या शेजारची जागा मोकळी हाय, तिथं लावायचाय. आणि माझ्या डोळ्यांदेखत लागला पाहिजे.’

जाफरभाईंच्या पत्नी अख्तरबी वरच्या मजल्यावरून चहा घेऊन आल्या. अक्कांनी चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं, आणि चहा गोड झालाय म्हणून अर्धा कप आणखी मागून घेतला. जाफरभाईंनी चिठ्ठीवर पंधरा फेब्रुवारी लिहिलं. अक्का रिक्षात बसून गेल्या.

त्या दुपारीच जाफरभाईंनी फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापला, काच कापली, पाठीचा पुठ्ठा कापला. मणीपट्टी मात्र मांडात नव्हती. ती घडवणारा कोल्हापूरचा कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ती शिल्लक होती फक्त एका ठिकाणी, पुढच्या खोलीत, साताऱ्याच्या सयाजी गुरुजींच्या चित्राला. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. यवतेश्वरच्या घाटातल्या धुक्याचं ते चित्र नऊ वर्षं भिंतीवर होतं. गुरुजींनी ते ठेवतानाच सांगितलं होतं, ‘चित्र माझं, फ्रेम तुझी. लागली तर काढून घे.’ म्हणजे अडचण काहीच नव्हती. चार कोपरे उघडायचे, पट्टी लहान कापायची, पुन्हा जोडायची. पाऊण तासाचं काम.

ते काम त्यांनी केलं नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक आलं होतं. तेही जैन, तेही म्हातारं, शिरोळकडचं. स्वतःचा फोटो, स्वतःच मागितलेले आकडे. जाफरभाईंनी कौतुकाने तारखेच्या आदल्या दिवशीच फ्रेम दिली होती. तो माणूस फ्रेम घेऊन घरी गेला आणि त्याने सल्लेखना घेतली. अन्न एकेक करून सोडत नेत, शेवटी पाणीही सोडून देहाचा निरोप घ्यायचा, असं ते व्रत. फ्रेम गेल्यापासून आठव्या आठवड्यात तिच्यावर हार चढला. लोक पाया पडायला रांगा लावून गेले. जाफरभाईही गेले. घरच्यांनी त्यांना मानाने पुढे बसवलं. परत आल्यावर त्यांनी त्या फ्रेमची तारीख काढून आठवडे मोजले.

पंधरा फेब्रुवारीला अक्का बरोबर अकराला आल्या. जाफरभाई म्हणाले, ‘अक्का, पट्टी मिळाली न्हाई. कोल्हापूरला सांगितलंय.’ तेहेतीस वर्षांतली पहिली चुकलेली तारीख. बोलताना त्यांची नजर काच कापायच्या हिरकणीवर होती.

‘तुमी? तारखेचा जाफर?’ अक्का हसल्या. ‘बरं, दुसरी द्या.’

जाफरभाईंनी पाच मार्च दिली. चहा आला. अक्कांनी कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

‘साखर हाय यात?’

‘तुमाला गोड लागतो म्हणून जरा जास्तच घातलीय,’ अख्तरबी म्हणाल्या.

‘साखर सोडली मी.’

अक्का गेल्यावर कप तसाच राहिला. त्यावर साय धरली.  माउंट, काच आणि फोटो जाफरभाईंनी खालच्या खणात ठेवून खण बंद केला.

पाच मार्चला त्यांनी करवतीचं पातं तुटल्याचं सांगितलं. अख्तरबींनी बिनसाखरेचा चहा आणला होता. अक्का म्हणाल्या, ‘दूध बी नको आता. कोरा असला तर द्या.’ कोरा चहा त्या दोन घोटांत प्यायल्या. मग उठून पुढच्या खोलीत गेल्या आणि धुक्याच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या.

‘जाफरभाई, पट्टी ही काय की. हीच.’

जाफरभाई म्हणाले, ‘ती साताऱ्याच्या गुरुजींची हाय. मला काढता येत न्हाई.’

‘मग नको,’ अक्का लगेच म्हणाल्या. ‘दुसऱ्याचं मोडून माझं नको.’

त्यांनी पंचवीस मार्चची चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली. पायरी उतरताना या वेळी त्यांनी दाराची चौकट धरली.

रात्री जेवताना अख्तरबींनी विषय काढला. ‘उठा आणि जा माधवनगरला. त्यांच्या पोराला सांगा. आर्जव का काय नाव हाय त्याचं, शहाणा माणूस हाय.’

‘काय सांगू? तुझी आई मरायला निघालीय, मी फ्रेम दाबून ठेवलीय?’

‘व्हय, हेच सांगा.’

‘त्यांच्या धर्मातलं हाय ते. मी कोण बोलणार? आजकाल कोण कशाचा काय अर्थ काढील सांगता येतं का? दुकान बाजारात हाय आपलं.’

‘मग अक्कांनाच इचारा.’

‘इचारलं. येवढी घाई का म्हणलं. म्हणत्यात, माझं ठरलंय ते ठरलंय.’

‘तोवर तुमी खोट्या तारखा देत बसणार.’

‘फ्रेम मिळत न्हाई तोवर ती बाई पुढचं पाऊल टाकणार न्हाई,’ जाफरभाई म्हणाले. ‘माझ्या डोळ्यांदेखत लागला पाहिजे म्हणाली, ते सांगितलं न्हवं तुला? फ्रेम माझ्या खणात हाय तोवर ती हाय.’

हा हिशोब त्यांना पक्का वाटत होता. त्यांनी तो मनात पुन्हा पुन्हा करून बघितला होता आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

पंचवीस मार्चला अक्का आल्या तेव्हा पातळ सैल झालेलं होतं. गळ्याच्या खाली दोन खड्डे दिसत होते. जाफरभाईंनी काच मुंबईहून यायची आहे असं सांगितलं. काच त्यांच्या गुडघ्याशी, खणात होती. अख्तरबींनी चहा आणलाच नाही. ताटलीत मुरमुऱ्यांचा चिवडा आणला. अक्कांनी ताटली पाहून हात जोडले. ‘मीठ सोडलंय. तेल बी.’ जाफरभाईंनी काच मुंबईहून यायची आहे असं सांगितलं.  अक्कांनी वाद घातला नाही. बारा एप्रिल या तारखेला फक्त मान डोलावली.

‘दुसऱ्याकडनं करून घ्या न्हाईतर,’ जाफरभाई म्हणाले. त्या नाही म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं.

‘दुसऱ्याच्या हातची त्यांच्या शेजारी कशी बसंल? तुमीच द्या. मी थांबते.’

बारा एप्रिलला त्या पायरी चढल्या नाहीत. रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि रिक्षावाला आत आला. ‘म्हातारीनं बोलावलंय.’ जाफरभाई बाहेर गेले. उन्हाचा चटका होता. अक्का मागच्या सीटवर कोपऱ्याला टेकून बसल्या होत्या. मांडीवर गरम पाण्याची स्वतःची बाटली.

‘झाली का?’

‘अक्का, आणखी दहा दिवस.’

अक्कांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. मोजल्यासारखे. ‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘आता काय उरलंय? धान्य.’

जाफरभाईंना ते वाक्य कळलं नाही. कळलं असं वाटलं. रिक्षा वळून गेली. त्यांनी आत येऊन खण उघडला, फोटो बघितला आणि पुन्हा बंद केला. दहा दिवसांनी काय सांगायचं ते शोधायला सुरुवात केली.

एकवीस एप्रिलला संध्याकाळी पाचच्या पुढे एक मुलगी दुकानात शिरली. चोवीस-पंचवीसची, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही भान नाही.

‘जाफरचाचा तुम्हीच का? मी ब्राह्मी. प्रभावती पाटलांची नात. आजीची फ्रेम द्या.’

‘उद्या...’

‘उद्या नाही. आत्ता. जशी असेल तशी. पट्टी नसेल तर साध्या लाकडाची द्या. तिला दवाखान्यातून आणलंय आज. नऊ दिवस मुगाच्या पाण्यावर आहे ती.’

जाफरभाई उभे राहिले. ‘बेटी, मला ठाऊक हाय. म्हणून तर देत न्हाई.’

‘काय ठाऊक आहे?’

‘त्यांनी समाधीचं ठरवलंय.’

ब्राह्मीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग एकेक शब्द सुटा करून बोलली. ‘चाचा, तिने नियम घेतलाय. आमच्यात घेतात, एखादी गोष्ट होईपर्यंत अमुक खाणार नाही असा. फेब्रुवारीत तुम्ही तारीख चुकवली, तिने साखर सोडली. दुसरी चुकली, दूध-तूप सोडलं. मग मीठ-तेल. आता धान्य. फ्रेम घरी लागली की नियम सुटतो. डॉक्टर रागावले तेव्हा काल कुठे बोलली. आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणते, सांगून केला तर तो नियम नाही, समोरच्याला धमकी होते.’

मागच्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता. अख्तरबी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

जाफरभाई पुढच्या खोलीत गेले, स्टुलावर चढून धुक्याचं चित्र उतरवलं आणि टेबलावर पालथं घातलं. पक्कडीने चुका उपसल्या. चारही पट्ट्या सुट्या केल्या. मापाचा दोरा खणातच होता. करवत चालली, कोपरे जुळले, गोंद, चुका. काच पुसून बसवली. काच, माउंट, पुठ्ठा, सगळं तीन फेब्रुवारीपासून तयार होतं. ब्राह्मी ते बघत होती आणि तिच्या लक्षात येत होतं. तिने विचारलं नाही. सव्वापाचला सुरू केलेलं काम सहाला पाच कमी असताना संपलं.

‘सूर्य कधी मावळतो?’ त्यांनी विचारलं.

‘पावणेसातच्या पुढे पाच मिनिटं. त्यानंतर ती काही घेत नाही. मग उद्या सकाळपर्यंत थांबावं लागेल. डॉक्टर म्हणाले, एकेक दिवस मोजायला लागा.’

फ्रेम चादरीत गुंडाळून जाफरभाई तिच्या स्कूटरवर मागे बसले. माधवनगर लांब नाही, पण ती वेळ कारखान्यांच्या सुटीची. दोन ठिकाणी गाड्या तुंबल्या होत्या. घरापाशी पोचले तेव्हा सहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

अक्का मधल्या खोलीत पलंगावर होत्या. आर्जव, त्यांचा मुलगा, उशाशी. समोरच्या भिंतीवर पायगोंडा पाटलांची फ्रेम आणि शेजारी मोकळी जागा. तिथे खिळा आधीच ठोकलेला होता. जाफरभाईंनी चादर सोडली, फ्रेम खिळ्याला लावली, हाताने सरळ केली आणि बाजूला झाले.

अक्का बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘आकडे कुठं हायत?’

आकड्यांचा डबा दुकानातल्या टेबलावर होता. फ्रेम करताना जाफरभाईंचा हात त्या डब्याकडे गेला नव्हता. विसरलो होतो असं ते म्हणत नाहीत.

‘अक्का, आकडे मागनं लावता येत्यात. तुमी आता चहा घ्या.’

‘आकड्याची सांगितली होती. आकड्याची लागल्याबिगर पुरी न्हाई.’ आवाज बारीक होता, पण त्यात काही हललं नाही. ‘का परत तारीख देता?’

आर्जव ओरडला, ‘आई, पुरे झालं!’ अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दुकानात जाऊन यायला वेळ नव्हता. पायगोंडांच्या फ्रेमला दोन आकडे होते. जाफरभाईंनी तिकडे हात नेला तशा अक्का म्हणाल्या, ‘त्यांचे काढायचे न्हाईत.’ जाफरभाईंनी खिशात हात घातला. पक्कड होती. मघाच्या घाईत चुका खिशात टाकल्या होत्या, त्यांतल्या दोन लांब निघाल्या. फ्रेम खाली घेऊन त्यांनी त्या कोपऱ्यांत अर्ध्या ठोकल्या आणि उरलेला भाग पक्कडीने वाकवला.  डावीकडची चूक पट्टीला चीर पाडून बसली. फ्रेम पुन्हा वर गेली तेव्हा सहा चाळीस झाले होते.

‘आता झाली,’ अक्का म्हणाल्या.

ब्राह्मी दूध-साखरेचा चहा घेऊन तयारच होती. अक्का एक घोट प्यायल्या. दुसरा प्यायल्या. मग थोडं हसल्या. ‘जाफरभाई, तोंड असं का केलंय?’

‘मला वाटलं तुमी समाधी घेणार.’

‘मी? आवं, हिचं लगीन बघायचंय मला अजून.’ त्यांनी भिंतीकडे बोट केलं. ‘त्यांचा फोटो बघा की. माणूस गेलं की पोरं घाईनं मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून लावत्यात. ह्या आर्जवनं तेच केलं. जन्मभर हसरा माणूस, भिंतीवर चोरासारखा बसलाय. माझं तसं नको म्हणून आधीच काढून ठेवला. दुसरं काय न्हाई.’

जाफरभाईंनी वर पाहिलं. पायगोंडा पाटील दचकलेल्या डोळ्यांनी समोर बघत होते. ती फ्रेम त्यांच्याच हातची होती आणि अकरा वर्षांपूर्वी फोटो बघून आपणच हसलो होतो, हे त्यांना आठवलं.

तिसरा घोट अक्कांना गिळवला नाही. तो पदरावर सांडला. कप आर्जवने काढून घेतला. बाहेर ऊन गेलं होतं.

‘उद्या घेईन,’ अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधभात घेतला आणि तो पोटात राहिला नाही. तिसऱ्या दिवशी पेज. मग सलाइन, मग मिरजेचा दवाखाना, मग पुन्हा घर. नियम सुटला होता. खायला आता कशाचीच मनाई नव्हती, पण शरीराने खाणं ओळखायचं सोडून दिलं होतं. तेरा मे रोजी पहाटे त्या गेल्या. डॉक्टरांनी कारण हृदयक्रिया बंद पडणे असं लिहिलं. पाटलांच्या घरात कोणी जाफरभाईंना बोल लावला नाही. हार आणायला मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि तो वाकवलेल्या चुकांवर ब्राह्मीने अडकवला. डावीकडची चूक ओझ्याने थोडी खाली आली, असं तिने नंतर सांगितलं.

जाफरभाईंनी त्यानंतर चिठ्ठीवर तारीख लिहिणं बंद केलं. ‘बसा, देतो’ म्हणतात. गिऱ्हाईक बसतं, ते काम करतात, संपल्यावरच उठतात. मोठं काम असेल तर घेत नाहीत. यामुळे धंदा निम्म्यावर आला, असं अख्तरबी सांगतात. सयाजी गुरुजींचं धुकं पुढच्या खोलीत चार पिनांवर टोचलेलं आहे. कडा आत वळायला लागल्या आहेत. गुरुजी मध्यंतरी साताऱ्याहून आले होते, त्यांनी दुसरी फ्रेम घाल म्हणून सांगितलं. ती घातलेली नाही.

ही हकिकत ऐकायला मी दुकानात बसलो होतो तेव्हा उंब्रजचा एक माणूस आला. धनाजी नाव, पासष्टीचा, फौजेतून निवृत्त. त्याने गणवेशातला स्वतःचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘मेजरसाहेबी थाटात पाहिजे. वर आकडे बसवा. पोरांवर भरवसा न्हाई आपला.’

जाफरभाईंनी माणूस आहे की गेला, हे विचारलं नाही. फोटो मापला. आकड्यांचा डबा पुढे ओढला.

‘कवा मिळंल?’

‘बसा. आत्ता.’

अख्तरबी चहा घेऊन खाली आल्या. धनाजीने ट्रेमधल्या कपाकडे बघून हात आडवा केला.

‘वहिनी, साखर नको. सोडलीय मी.’

करवत थांबली. जाफरभाईंनी मान वर केली आणि त्या माणसाकडे इतका वेळ पाहिलं की तो खुर्चीत सावरून बसला.

‘शुगर हाय वो मला,’ धनाजी म्हणाला.

करवत पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.